कडेनं धरलेला आरसा

पाटावर सगळ्यात शेवटी, समईच्या अलीकडं, माझे दोन आरसे झेंडूच्या पाकळ्यांवर ठेवले होते. दोन्हींच्याही बरोबर मधोमध हळदीचं एक आणि कुंकवाचं एक अशी बोटं उमटली होती.

मी नुकती न्हाऊन, केस टॉवेलात गुंडाळून पुढच्या खोलीत आले होते. खंडेनवमीची सकाळ. एरवी हुपरीत कुठल्याही गल्लीतून चाललं तरी घराघरांतून चांदीवरचा ठोका ऐकू येतो. कुठं पैंजणाच्या कड्या जुळत असतात, कुठं घुंगरू बसत असतात. त्या एका दिवशी मात्र गाव गप्प असतं. हत्यारं धुऊनपुसून पाटावर बसतात आणि माणसं त्यांच्यापुढं हात जोडून उभी राहतात. आमच्याही पाटावर मामांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, हातोड्या उंचीनुसार मांडल्या होत्या. ऐरण, फुंकणी, तराजू, पकडी, मुठीला लाल दोरा गुंडाळलेला एक झिजका चिमटा. आणि शेवटी माझे आरसे.

“आत्ती,” मी म्हटलं. आमच्याकडं सासूला आत्तीच म्हणतात. “हे कुणी ठेवलं?”

“मी.” आत्ती कुंकवाचा करंडा मिटत होत्या. “का गं? जागा चुकली?”

“धुतलेत?”

“धुतल्याबिगर पूजेला ठेवीन व्हय? रांगोळीनं घासलं, दोन पाण्यातनं काढलं, मऊ फडक्यानं पुसलं.” मग त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि त्यांचा आवाज खाली आला. “कडेनंच धरलं हुतं गं. तू धरतीस तसं. मधी बोट लावलं न्हाई. मधी फकस्त हळदकुंकू लावलं.”

मागून इंद्रजित, माझा नवरा, काहीतरी बोलायला आला होता. तो दारातच थांबला.

मी पुढं वाकून आरसा उचलायला हात घातला, तर मामा म्हणाले, “केतकी, पूजेतलं उचलू नगंस. उद्या दसऱ्याला आरती झाली की उचलायचं. आज हत्याराला इसावा.”

मी हात मागं घेतला. उचलायची गरजही नव्हती. खिडकीतून आलेलं ऊन आरशांवर तिरकं पडलं होतं आणि घासलेल्या पितळी तांब्यावर असतात तसल्या बारीक गोल रेघा तिथं चमकत होत्या. मी मनाशी म्हटलं, संपलं.

*

त्या दोन आरशांसाठी मी किती हिंडले होते ते घरात सगळ्यांना माहीत होतं. ते आरसे नेमके काय आहेत, हे मात्र इंद्रजित सोडून कुणालाच माहीत नव्हतं.

कॉलेजात मी भौतिकशास्त्र घेतलं होतं. लग्न होऊन हुपरीला आले तेव्हा बरोबर एक पत्र्याची पेटी आणली. तिच्यात लाल लेसरचा एक पेन, जुन्या कॉम्प्युटरचे दोन छोटे पंखे, बॅटऱ्या आणि वायरींचा गुंता होता. पंख्याच्या मधल्या गोल भागावर आरशाचा तुकडा अगदी किंचित तिरका चिकटवायचा. पंखा फिरला की त्या आरशावर पडलेला लेसरचा ठिपका भिंतीवर गोल काढतो. तो गोल तसाच दुसऱ्या फिरत्या आरशावर टाकला, की भिंतीवर फुलं उमलायला लागतात. पंख्यांचा वेग कमीजास्त केला की पाच पाकळ्यांच्या आठ होतात, आठांची जाळी होते, जाळी फिरायला लागते. आवाज म्हणाल तर नुसती पंख्यांची घरघर.

घरात त्याला ‘केतकीचा लाल ठिपका’ म्हणत.

“झाला का ठिपका लावून?” आत्ती विचारायच्या. “झाला आसंल तर लसूण सोलाय घे.”

शेजारच्या काकूंना एकदा त्यांना म्हणताना मी ऐकलं होतं, “आमच्या सुनंला काय न्हाई ओ, दिव्याचा नाद हाय.” त्या हसल्या होत्या. मीही आतून हसले होते, पण ते ‘काय न्हाई’ पुढं बरेच दिवस कानात राहिलं.

मग कोल्हापुरात नवं विज्ञान केंद्र उघडणार असल्याचं कळलं. शाळेच्या मुलांना प्रयोग करून दाखवायला माणसं हवी होती. मी अर्ज केला. बोलावणं आलं ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाचं, आणि सोबत एक अट: स्वतः बनवलेलं एक उपकरण घेऊन यायचं आणि ते चालवून दाखवायचं. सर्टिफिकिटं सगळ्यांकडे असणार होती. माझ्याकडं फुलं होती.

फक्त ती फुलं जुळी यायची. प्रत्येक पाकळीच्या शेजारी एक फिकट पाकळी, सावत्र बहिणीसारखी चिकटून. दोष साध्या आरशाचा. त्याची चमक काचेच्या पाठीमागं असते. लेसरचा थोडा उजेड काचेच्या पुढच्या अंगावरून परततो, उरलेला आत जाऊन मागच्या चमकेवरून परततो, म्हणून ठिपके दोन पडतात. दोन आरशांत दोनाचे चार. मला हवा होता तो चमक वरच्या अंगालाच असलेला आरसा, मध्ये काच नसलेला.

असे आरसे झेरॉक्सच्या मशीनमध्ये असतात हे मला माहीत होतं. मग इचलकरंजीपासून कोल्हापूरपर्यंत जिथं म्हणून मोडकं मशीन असेल तिथं मी आणि इंद्रजित जाऊन आलो. कुणी म्हणे कालच भंगारात गेलं, कुणी मशीन उघडूच देईना. शेवटी एका दुरुस्तीवाल्यानं लांब पट्टीसारखा आरसा काढून दिला. काचवाल्यानं तो कापताना निम्म्याचा चुरा केला, तेव्हा कुठं हे दोन चौकोनी तुकडे हाती लागले. त्यांना मी कापसात ठेवायचे. उघड्या चमकेला बोट लागलं तरी डाग राहतो, फडकं लागलं तर ओरखडा. उचलायचे ते दोन बोटांनी, कडेला धरून. पेटीच्या झाकणावर चिठ्ठी होती: हात लावू नये.

आदल्या दिवशीच ते पंख्यांवर तात्पुरते चिकटवून लेसर टाकून बघितला होता. एकच फूल आलं होतं, एकेक पाकळी सुईनं काढल्यासारखी. इंद्रजितनं शिट्टी मारली होती.

*

स्वयंपाकघरात आत्ती कडाकण्या लाटत होत्या, मी तळत होते. देवीच्या घटावर बांधायच्या कडाकण्या पातळ आणि कडक व्हाव्या लागतात. माझ्या त्या दिवशी फुगत होत्या.

घटस्थापनेला देवीपुढं फणी-करंडा-आरसा मांडतात, तसा हाही आत्तींनी शोभेचा म्हणून मांडला असणार, असंच मी धरून चालले होते. चकाकणारी वस्तू, सणाचा दिवस. त्यांना काय माहीत.

“दुसरा मिळंल का गं?” आत्तींनी लाटणं न थांबवता विचारलं.

“नाही.”

“कोल्हापुरात?”

“उद्या दसरा. सगळं बंद. परवा सकाळी तर जायचंच आहे.”

“आरसाच की त्यो. इंदरचा दाढीचा आरसा दिला तर?”

मी झारा खाली ठेवला. राग आला होता, पण त्या चेहऱ्यावर राग काढता येत नव्हता. मी खिडकीतला दाढीचा आरसा काढला, काडेपेटीतली एक काडी घेतली आणि तिचं टोक आरशाला टेकवलं.

“बघा. काडी आणि आरशातली काडी. टोकाला टोक लागतंय का?”

आत्ती पिठाच्या हातांनी पदर सावरत जवळ आल्या. डोळे बारीक करून बघितलं. “न्हाई. मधी फट हाय.”

“ती काचेची जाडी. चमक काचेच्या पाठीमागं आहे ना. माझ्या आरशात ही फट नसते. टोकाला टोक लागतं. चमक वरच असते, काचेच्या पाठीवर नाही, अंगावर.”

“उघडी?”

“उघडी. म्हणून तर हात लावायचा नसतो.”

आत्ती बराच वेळ काडी टेकवून, उचलून, परत टेकवून बघत राहिल्या. “मी म्हनलं,” त्या हळूच म्हणाल्या, “कापसात ठेवतीस, टाक ठेवल्यागत. बोट सुदिक लावत न्हाईस. म्हनून पूजेला घेतला.”

देवघरातले देवांचे चांदीचे टाकही त्या तसेच कापसात ठेवायच्या. मला रडू येईल असं वाटलं म्हणून मी कढईकडं वळले.

“चमक कशाची असती त्याला?”

“त्याला ॲल्युमिनियमची. कारखान्यात करतात, घरी नाही जमत.” आणि मग, नुसतं बोलायचं म्हणून मी पुढं म्हणाले, “घरी करायचा तर चांदीचा होतो.”

लाटणं थांबलं.

“कशाचा?”

“चांदीचा.”

आत्तींनी कमरेवर हात ठेवले. पिठाचे दोन्ही पंजे लुगड्यावर उमटले. “आनि ह्ये मला आत्ता सांगतीस? चांदीच्या गावात ऱ्हाऊन झेरॉक्सची दुकानं हुडकत हिंडलीस? गंगंत बसून तांब्याभर पानी मागाय गेल्यागत?”

“आत्ती, ती ठोकून नाही बसत. आधी विरघळवावी लागते, मग काचेवर...”

“अवो!” आत्तींनी बाहेर हाक दिली. “ऐकलासा काय? चांदी इरघळवायची हाय.”

मामा दारात आले. हातात वर्तमानपत्र, चष्मा कपाळावर. “तेजाबात इरघळती की. त्यात काय. रोजचंच हाय.” त्यांनी माझ्याकडं बघितलं. “पर आज न्हाई. आज हत्यारं बसल्यात.”

“उद्या?” मी विचारलं.

“उद्या आरती झाली की.”

कढईतली कडाकणी जळत होती. ती काढायला आत्तींनी मला कोपरानं बाजूला सारलं.

*

असला आरसा मी आधी एकदाच केला होता, कॉलेजच्या प्रयोगशाळेत, तोही परीक्षानळीच्या आतून. तरी रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी इंद्रजितला काय काय लागेल ते सांगितलं आणि दसऱ्याला दिवस उजाडताच तो मोटारसायकल घेऊन इचलकरंजीला गेला. ओळखीच्या रंगवाल्याला घरातून उठवून अमोनिया आणला. पंपावरून बॅटरीत घालायचं पाणी घेतलं, औषधाच्या दुकानातून ग्लुकोजची पुडी. काच मात्र त्यानं घरातलीच काढली, आमच्या लग्नाच्या फोटोची.

“सपाट आहे, पातळ आहे,” तो फ्रेमचे खिळे उचकटत म्हणाला. “आणि तसंही त्या फोटोत माझे डोळे मिटलेत.”

“त्याला पुढचं कळलं हुतं, म्हनून मिटलं,” आत्ती म्हणाल्या.

आरती झाली. मामांनी पाटावरची सगळ्यात लहान हातोडी उचलली, ऐरणीवर मुहूर्ताचा एक ठोका दिला, आणि गल्लीतून एकामागून एक तसेच ठोके ऐकू आले. गावाला कंठ फुटला.

माझे आरसे मी उचलून कापसात ठेवले. हळदकुंकू पुसून बघावं असं वाटलं नाही.

मागच्या परड्यात आम्ही मांडामांड केली. आत्ती पदराच्या गाठीतून काहीतरी काढत आल्या. एक वाळा, लहान बाळाच्या पायातला.

“इंदरचा हाय. दुसरा यात्रंत हरवला. एकटा ठेवून काय करायचाय. ह्यो घ्या.”

मामांनी तो हातात घेऊन फिरवला आणि परत आत्तींच्या तळहातावर ठेवला. “ह्यात तांबं हाय. पानी निळं हुईल. तिला सुद्द चांदी लागंल.” त्यांनी आपल्या कामातला चोख चांदीचा एक तुकडा कापून काचेच्या भांड्यात टाकला आणि वरून तेजाब सोडलं. “लांब व्हा सगळी. धूर वाईट.”

तांबूस धूर वर गेला. आम्ही तोंडाला पदर, रुमाल लावून भिंतीशी उभे राहिलो. चांदीचा तुकडा बुडबुडत लहान लहान झाला आणि बघता बघता भांड्यात नुसतं पाणी उरलं. आत्ती वाळा मुठीत धरून बघत होत्या.

“गेली की वो!”

“गेली न्हाई,” मामा म्हणाले. “हाय तिथंच. दिसत न्हाई येवढंच.”

पुढचं काम माझं होतं. मामांनी ते पाणी आटवून दिलं, मी त्यात बॅटरीचं पाणी घातलं, मग थेंब थेंब अमोनिया. पाणी आधी गढूळ, तपकिरी झालं, आणखी थेंब पडले तसं पुन्हा निवळलं. फोटोच्या काचेचा एक तुकडा कापून पसरट बशीत ठेवला, वरून ते पाणी ओतलं, ग्लुकोज सोडलं. चहा उतू जायच्या आधी जसे सगळे पातेल्याकडं बघतात, तसे आम्ही चौघंही बशीवर वाकलो.

पाणी काळवंडलं. मग बशीच्या कडेला आधी चमक दिसली, मग काचेवर. इंद्रजितनं माझं मनगट धरलं. पण मी काच बाहेर काढली तेव्हा चमक अर्ध्यातच होती. मध्ये ढगासारखे मोकळे डाग आणि एका कोपऱ्यात चक्क अंगठ्याचा ठसा.

“माझा आहे तो,” इंद्रजित म्हणाला. “फ्रेम काढताना.”

“काच स्वच्छ नव्हती,” मी म्हटलं. ऊन चढलं होतं. दुपारी सोनं द्यायला माणसं यायला लागणार होती. चांदीचं पाणी आणखी एकदा पुरेल एवढंच होतं, आणि ते उद्यावर ठेवता येत नाही. शिळं झालं की भडकतं. “साबणानं धुऊनही तेलकटपणा जात नाही. काचेवर पाणी थेंबांनी उभं राहिलं तर ती मळकी. सगळीकडं सारखं पसरलं तरच चांदी धरते.”

“दे हिकडं,” आत्ती म्हणाल्या.

“आत्ती...”

“दे म्हनतीया ना.”

उरलेल्या काचेचे दोन तुकडे घेऊन त्या न्हाणीच्या दगडावर बसल्या. या खेपेला रांगोळी नव्हती. कापसाचा बोळा, सोडा, पाणी. पुन्हा कापूस, पुन्हा पाणी. काच तिरकी करून ऊन घ्यायच्या, कुठं थेंब उभा राहिला का बघायच्या, मान हलवून पुन्हा सुरू करायच्या. एकदाही बोट काचेला लागलं नाही. त्यांनी ती चिमट्यात धरली होती, अगदी कडेला. इतक्या हलक्या हातानं की चिमटा आणि काच मिळून एकच वस्तू वाटावी.

चिमट्याच्या मुठीला लाल दोरा होता.

“हा काल पाटावर होता,” मी म्हटलं. “माझ्या आरशांशेजारी.”

“हुता.”

“दरवर्षी असतो?”

आत्तींनी काच उन्हात धरली.

“कुठला दरवर्षी?” भट्टीजवळून मामा म्हणाले. ते आमच्याकडं न बघता भांडी आवरत होते. “पाटावर कारागिराची हत्यारं बसत्यात. बायका घरात कड्या जोडत्यात, त्येला काम कोन म्हनतंय? लगीन होऊन आल्यापासनं जोडतीया ही. हिचा चिमटा सांडशीसंगं फळीवर.”

“पुरे की आता,” आत्ती म्हणाल्या.

“काल पूजा मांडताना म्हनाली, सुनंची हत्यारं मांडायची हायत. मी म्हनलं, तिची कुठली हत्यारं? तर म्हनली, दोन हायत. कापसात ठेवती. मी म्हनलं, मांड. तवा जरा वेळ उभी ऱ्हायली आनि म्हनती कशी, सुनंची बसली तर माझ्या चिमट्यानं काय पाप केलंय?”

मी विचारलं, “मग तुम्ही काय म्हणालात?”

“मी काय म्हननार? हातोड्या सरकवल्या. जागा केली.”

इंद्रजित फ्रेमच्या रिकाम्या चौकटीकडं बघत होता. मी अमोनियाची बाटली हातात घेऊन उभी होते, त्यामुळं डोळ्यांतलं पाणी त्या वासाच्या नावावर खपलं.

“काच सुकंल,” आत्ती म्हणाल्या. “आन तुझी बशी.”

काचेवर पाणी सगळीकडं सारखं पसरलं होतं. एकही थेंब उभा नव्हता.

*

या वेळी चांदी काचेच्या मधून सुरू झाली आणि कडेपर्यंत गेली, साय धरावी तशी. वर दुधाळ पापुद्रा होता. तो कोरड्या कापसानं हलकेच, फुंकर मारल्यासारखा पुसायचा होता. मी कापूस आत्तींकडं दिला.

“मी?” त्या म्हणाल्या. “काल घासून वाट लावली, आनि आज पुन्हा माझ्याच हातात?”

“तुम्हीच.”

त्यांनी श्वास रोखून पुसलं. पापुद्रा गेला आणि आतून आकाश आलं, परड्यातल्या शेवग्याची फांदी आली, आत्तींचं कपाळावरचं कुंकू आलं. दुसरा तुकडाही तसाच निघाला. उरलेलं पाणी मी भरपूर पाण्यात मिसळून तिथल्या तिथं मोरीत सोडून दिलं.

पहिल्या खेपेचा, अर्धवट डागाळलेला तुकडा बाजूला पडला होता. त्याच्या एका कोपऱ्यात चांगली चमक होती. मी तो आत्तींपुढं धरला.

“बोट लावा.”

“हात लावू नये,” त्यांनी माझी चिठ्ठी म्हणून दाखवली.

“याला लावा. नखाचं टोक लावा.”

आत्तींनी पदराला हात पुसले. तर्जनी पुढं केली, थांबल्या, मग नखाचं टोक आरशाला टेकवलं. आतून दुसरं बोट आलं आणि त्याच्या नखाला जाऊन लागलं. मध्ये काही नव्हतं.

“लागलं,” आत्ती म्हणाल्या. आणि त्यांनी बोट काढलंच नाही. डाग पडू दिला.

दुपारी सोनं द्यायला माणसं आली. आपट्याची पानं हातात देताना आत्ती प्रत्येकाला सांगत होत्या, “तुमी सोनं लुटलं. आमी चांदी काढली.”

दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात एका अंधाऱ्या खोलीत मी लेसर लावला. निवड करायला बसलेल्यांपैकी एक बाई खुर्चीतून उठून भिंतीपाशी गेल्या आणि पाकळीवरून बोट फिरवायला लागल्या, लहान मुलं फिरवतात तसं.

“एवढी स्वच्छ रेघ कशी आली? आरसे कुठं मिळाले तुम्हाला?”

“मिळाले नाहीत,” मी म्हटलं. “घरी केले. दसऱ्याला.”

“एकटीनं?”

“नाही. आम्ही दोघींनी. चांदी सासऱ्यांची, काच लग्नातली.”

त्या हसल्या आणि म्हणाल्या, वेग कमी करून दाखवा बघू.

*

नोकरी लागली त्याला आता सहासात वर्षं होत आली. मध्ये जुई झाली. तिच्या एका पायात तो एकटा वाळा घातला, दुसऱ्यात मामांनी जोडी करून दिला. तिला सांभाळायला घरी आत्ती नसत्या तर मी ती नोकरी टिकवू शकले नसते. त्या मात्र म्हणतात, “मीच बिघडवतीया की तिला.” आठवड्याची सुट्टी असली की दुपारी त्या जुईला पुढच्या खोलीत घेऊन बसतात आणि मला सांगतात, “जा, काय खरडायचं असंल त्ये खरड.” हेही तसंच, अशाच एका दुपारी लिहितेय.

उघडी चांदी हवेनं पिवळट पडते, मग काळी. म्हणून दर दसऱ्याला आम्ही नवे आरसे करतो, केंद्रासाठी आणि घरासाठी. आदल्या दिवशी खंडेनवमीला जुने आरसे पाटावर बसतात, चिमट्याशेजारी. आत्ती आता हळदकुंकू आरशाच्या पाठीवर लावतात. ते पहिले दोन, रांगोळीनं घासलेले, अजून माझ्या पेटीत आहेत. हळदकुंकवाच्या बोटांचे डाग मी अजून पुसलेले नाहीत. पेटीवरची चिठ्ठी तेवढी मी कधीतरी काढून टाकली.

पुढच्या खोलीतून आवाज येतोय. जुईनं पेटी उघडलेली दिसते.

“मधी न्हाई, मधी न्हाई. कडेनं. कडेनं धर, बाळा. आईचं हत्यार हाय त्ये.”

“आनि तुझं?”

“माझं ह्ये बघ.”

चिमट्याची टोकं जुळल्याचा तो बारीक आवाज मला इथवर ऐकू आला.